गाठीतली वीज मोजून काय मिळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. मी फोंड्याला शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. चवथीला माटोळीखाली गप्पा रंगल्या की हा प्रश्न ठरलेला: "सर, कॅन्सर रक्तातून पसरतो ना? मग गाठीतल्या नर्व्हची (मज्जातंतूची) वीज कशाला मोजतात?" (विषय बहुधा मीच काढलेला असतो.)

रक्तातून पसरतोच. पण तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट बघा, त्यात 'पेरिन्यूरल इन्व्हेजन', म्हणजे कॅन्सर नर्व्हभोवती शिरलाय का, याचा उल्लेख असतो. स्लाइडवर आडवी कापलेली नर्व्ह फिकट गुलाबी दिसते आणि तिला कॅन्सरच्या गडद जांभळ्या पेशींनी वेढा घातलेला असतो. स्वादुपिंडात आणि प्रोस्टेटमध्येही (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) हे सर्रास दिसतं.

आता स्लाइड म्हणजे मेलेली पेशी. नर्व्ह तिथे आहे एवढं कळतं, ती काही सांगत होती की गप्प होती, हे नाही. नर्व्हचे संदेश विजेतूनच जातात, म्हणून ती मोजायची. २०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की प्रोस्टेटची गाठ रुजायला सिंपथेटिक नर्व्ह (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या) हातभार लावतात आणि पसरायला पॅरासिंपथेटिक (विसाव्याच्या वेळी काम करणाऱ्या). २०१९ साली स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्गच्या गटांनी ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या, पेशींत इलेक्ट्रोड घातले. शेजारचे न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी) त्यांच्याशी चक्क सिनॅप्स, म्हणजे संदेश द्यायचे सांधे, जोडून बसले होते! माझ्या मते खरी कलाटणी ही.

मोजणं मात्र महाकर्मकठीण. छातीवर ईसीजी मिलिव्होल्टमध्ये मिळतो. गाठीतल्या बारीक नर्व्हजवळ हाती लागतात मायक्रोव्होल्ट. उंदराने श्वास घेतला की इलेक्ट्रोड हलतो, ट्यूबलाइटची ५० हर्ट्झची गुणगुण सगळं गिळते, म्हणून तांब्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात बसून काम करायचं. गाठ वाढली की जागाही सरकते. इतकं करून संदेश वाढलेले दिसले, तरी ते गाठीमुळे वाढले की त्यांच्यामुळे गाठ वाढली? त्यासाठी नर्व्ह गप्प करून पुन्हा बघावं लागतं.

"मग कापूनच टाका की ती नर्व्ह!" असं कुणीतरी म्हणतंच. अहो, प्रोस्टेटच्या त्याच नर्व्ह लघवीचंही बघतात. औषधाने संदेश अडवायचे प्रयत्न चालू आहेत. प्रोप्रॅनोलॉल ही ब्लडप्रेशरची जुनी गोळी सिंपथेटिक नर्व्हचे संदेश अडवते, म्हणून ती कॅन्सरच्या रुग्णांवर तपासली जातेय. घरात कुणाला ती चालू असेल, तर तिच्यातलीच एक उचलून रुग्णाला देऊ नका. दमा असलेल्याचा श्वास तिने अडकू शकतो. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनाच विचारा.