मातीचं धरण कॉम्प्युटरवर हलवताना

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, विसर्जनाच्या रात्री. धरणात पाणी असलंच तर याच दिवसांत. त्यामुळे भूकंपात मातीचं धरण कसं वागेल ते कॉम्प्युटरवर तपासताना 'मराठवाड्यातली धरणं काय, कोरडीच असतात' म्हणून अर्ध्या साठ्यावर मॉडेल चालवू नये. पाणी पूर्ण पातळीला, पाण्याकडचं मुरमाचं केसिंग (धरणाचं बाहेरचं कवच) भिजलेलं, ही पहिली केस.

हलवण्याआधी धरण मॉडेलमध्ये थराथरानं बांधायचं, पाणी चढवायचं, पाझर स्थिर होऊ द्यायचा. मग विस्थापनं (माती किती सरकली ते आकडे) शून्यावर आणायची, ताण तसेच ठेवायचे.

खरी चूक होते ती काळ्या मातीच्या हार्टिंगमध्ये, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गाभ्यात. ४० मीटर उंचीचं धरण, शिअर लहरीचा (मातीला आडवी हलवणाऱ्या लहरीचा) वेग सेकंदाला २५० मीटर धरा. आवर्तकाळ, म्हणजे धरणाच्या एका हेलकाव्याचा वेळ, २.६१ (ठरलेला गुणक) × ४० ÷ २५० म्हणजे ०.४२ सेकंद. हादऱ्यात माती मऊ पडते. ०.१ टक्का विकृतीला (आकारातल्या बदलाला) वाळूचा कडकपणा साधारण पाव उरतो, पण प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकणपणाचा आकडा) ३० असलेल्या मातीचा निम्मा टिकतो. सॉफ्टवेअरमधला वाळूसाठीचा तयार वक्र (विकृतीनुसार कडकपणा किती उरतो त्याचा आलेख) हार्टिंगला लावला, की ढोबळ हिशोबात मऊ पडलेल्या धरणाचा आवर्तकाळ ०.५९ सेकंदाच्या जागी ०.८४ येतो. म्हणजे भलतंच धरण हलवलं! हार्टिंगची ताकदही निचरा न होणारी (हादऱ्यात पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही असं धरून) घ्यायची, तीही ८० टक्केच.

शिअर लहरीचा वेग सेकंदाला २०० मीटर आणि १५ हर्ट्झपर्यंतची लहर हवी असेल, तर तरंगलांबी १३ मीटर आणि एलिमेंटची (मॉडेलच्या जाळीतल्या एका तुकड्याची) उंची तिच्या दहाव्या भागाएवढी, सव्वा मीटरच्या आसपास. चार मीटरच्या जाळीत वरच्या वारंवारिता गळून जातात. उत्तर सौम्य येतं, म्हणून कुणाला खटकत नाही.

मॉडेलला द्यायची भूकंपाची नोंद निवडताना कॅलिफोर्नियातली एल सेंट्रो १९४० सवयीनं उचलली जाते. ती खोल गाळावरची आहे. आपल्याकडे खाली बेसॉल्ट. कोयना १९६७ ची नोंद भूकंपकेंद्राजवळची, लहान आवर्तकाळांची. तळाला लवचीक सीमा (खाली येणारी लहर परत न फिरवणारी) ठेवून शिअर ताण द्यायचा असेल, तर घनता × खडकातला लहरीचा वेग × उघड्या खडकावरचा कणवेग, एवढंच. नेहमीच्या सूत्रात याला गुणणारा २ हा फक्त वर जाणाऱ्या लहरीसाठी आहे. उघड्या खडकाच्या नोंदीला तो लावला की भूकंप दुप्पट होतो.

शेवटी माथा किती खचला ते फ्रीबोर्डशी (पाण्याची पातळी आणि माथा यांतल्या अंतराशी) ताडायचं. पण माती आणि दगडी सांडवा जिथं भेटतात, तिथल्या भिंतीलगतची फट उभ्या छेदाच्या टू-डी मॉडेलमध्ये दिसणारच नाही. ती वेगळी तपासायची.