उरलेल्या लोकरीचे पांघरूण : ११२ चौकोन पूर्ण

स्वेटर, टोपडी आणि मफलर विणून उरलेल्या लोकरीचे पांघरूण मी जूनमध्ये सुरू केले होते. आज त्याच्या नवव्या रांगेतील आठवा, म्हणजे एकूण ११२वा चौकोन पूर्ण झाला. एका रांगेत १३ चौकोन आणि अशा १५ रांगा असा बेत आहे. प्रत्येक चौकोन साधारण ७ सेंटिमीटरचा होत असल्याने पांघरूण ९१ बाय १०५ सेंटिमीटरचे होईल आणि ते लहान मुलाला नीट पुरेल.

चौकोन ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर, सगळ्या ओळी सुलट विणून करते आहे. ३१ टाक्यांनी सुरुवात होते. दर दुसऱ्या ओळीत मधले तीन टाके मिळून एक करायचा. त्यासाठी दोन टाके एकत्र, न विणता उजव्या सुईवर घ्यायचे, पुढचा एक सुलट विणायचा आणि ते दोन त्यावरून ओढून घ्यायचे. तिसाव्या ओळीअखेर एकच टाका उरतो. पुढील चौकोनासाठी शेजारच्या दोन चौकोनांच्या कडांवरून १५-१५ आणि कोपऱ्यातून एक टाका उचलला की शिवण्याचे काम मुळीच राहत नाही. इतक्या तुकड्यांच्या कामात ही सोय मला फार मोलाची वाटते.

एका चौकोनाला साधारण ३ ग्रॅम लोकर लागते, हे स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलून पाहिले. मात्र खरी गंमत उमगली ती टाके मोजल्यावर. विणून होणाऱ्या एकूण ४८० टाक्यांपैकी पहिल्या दहा ओळींतच २६० टाके खर्ची पडतात. उरलेल्या वीस ओळी भरपूर दिसत असल्या, तरी त्या आक्रसत जात असल्याने त्यांना निम्म्याहूनही कमी लोकर पुरते. त्यामुळे मीटरभराचे, एरवी टाकून दिले जाणारे तुकडे मी शेवटच्या कोपऱ्यासाठी राखून ठेवते आणि बाहेरच्या ओळींना जरा मोठे गुंडे वापरते. हे ध्यानात येण्यापूर्वी चार चौकोन अर्ध्यावर लोकर संपल्याने उसवावे लागले होते.

रंगांच्या बाबतीत सुरुवातीचे २४ चौकोन मी पूर्ण उसवले. हाताला येईल तो रंग घेतल्याने शेंदरी, मोरपंखी आणि जांभळा एकमेकांवर आदळत होते आणि एकही नजरेत ठरत नव्हता. आता प्रत्येक चौकोनाच्या पहिल्या दोन ओळी मोतिया रंगाच्या असतात. त्यांची बारीक जाळी सर्वत्र पसरल्याने कोणताही रंग शेजाऱ्याला खात नाही. या रंगाचे ५० ग्रॅमचे तीन गुंडे मात्र विकत घेतले आणि तिन्हींवरील लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच असल्याची खात्री करून घेतली. नवी लोकर तेवढीच.

जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर कुरळी असते. तिची लडी करून कोमट पाण्यात भिजवली आणि खाली हलके वजन बांधून वाळवली, की ती सरळ होते. लेबल हरवलेल्या गुंड्याचा छोटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहते. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख झाली तर अस्सल लोकर, आणि वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. अस्सल लोकर गरम पाण्यात चोळली गेली तर आटते, ॲक्रिलिक तशी आटत नाही, म्हणून दोन्ही असलेले हे पांघरूण थंड पाण्यातच, हलक्या हाताने धुवावे लागेल. गडद मरून धागा ओल्या पांढऱ्या रुमालात रात्रभर गुंडाळून ठेवला होता. रुमाल गुलाबी झाला, तेव्हा तो गुंडा बाजूला काढला.

धाग्यांची टोके प्रत्येक चौकोनाबरोबरच विणून लपवते आहे, पण पाचव्या रांगेत आळस केल्याने २६ टोके अजून लोंबत आहेत. ती लपवल्यावरच ११३वा चौकोन उचलेन. त्यासाठी पोपटी आणि राखाडी हे दोन रंग काढून ठेवले आहेत.