पुस्तक बदलून आणते

तीन वर्षांत मी एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नाही, हे माझ्या ध्यानात आलं ते पुण्यात, पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात. जून २०२३ मधली गोष्ट. लेकीची शाळा दोन दिवसांवर आली होती आणि मी यादी हातात घेऊन वह्या, पुस्तकं, खाकी कव्हरं, नावाची लेबलं गोळा करत फिरत होते. शाळा उघडायच्या आठवड्यात एबीसीत, म्हणजे या चौकात, पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही हातांत पिशव्या, धाकटा घरी सासूबाईंपाशी, त्यामुळे सारखं लक्ष घड्याळाकडे. स्कूटरपाशी पोचलो तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू तुझ्यासाठी काहीच नाही घेतलंस?"

तिने सहज विचारलं होतं. पण कॉलेजात असताना याच चौकात मी बसचे पैसे वाचवून, पेठांतून पायी येऊन कादंबऱ्या विकत घेतल्या होत्या. त्या दिवशी त्याच दुकानांवरून दोनदा गेले आणि नवीन काय आलंय म्हणून मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. पुस्तक घ्यायला वेळ नव्हता, हे मी समजू शकते. बघावंसंच वाटलं नाही, याची मला भीती वाटली. घरी येऊन वह्यांना कव्हरं घालताना रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात होतं.

मी नारायण पेठेत वाढले. वडील लक्ष्मी रस्त्यावरच्या पुणे नगर वाचन मंदिराचे सभासद. ही संस्था १८४८ सालची आहे, हे ते घरी येणाऱ्या पाहुण्याला हटकून सांगायचे. "जरा पुस्तक बदलून आणतो" हे आमच्याकडे "दूध घेऊन येतो" इतकं रोजचं वाक्य होतं. आजही मला त्यातला 'बदलून' हा शब्द फार आवडतो. घरात एक पुस्तक कायम असणारच, फक्त ते बदलायचं, असं त्यात धरूनच चाललेलं असतं. लग्न होऊन कोथरूडला आले, कल्याणीनगरला नोकरी लागली, मुलगी झाली, तोवर वाचन कसंबसं टिकून होतं. धाकट्याच्या वेळेला ते सुटलं. कधी सुटलं ते सांगता येणार नाही.

त्या जूनमध्ये ठरवलं की पुन्हा सुरुवात करायची. कपाटातली एक जाडजूड कादंबरी काढून उशाशी ठेवली. साडेदहाला मुलं झोपली की वाचायचं. दोन पानं व्हायची आणि डोळे मिटायचे. मग धाकट्याला ताप, मग ऑफिसात महिनाअखेर, असे तीन-चार दिवस मध्ये जायचे आणि पुन्हा उघडलं की हा यशवंत कोण, सुनेचा भाऊ की शेजारचा, काही आठवत नसे. परत मागे जा, तीच पानं वाचा. दीड महिन्यात बेचाळीस पानं झाली आणि मी ती कादंबरी कपाटात ठेवून दिली.

ज्याला सांगावं तो एकच सल्ला देई: वेळ नाही ना, मग कथा वाच. दहा-बारा पानांत संपते, बसल्या बैठकीला एक होते. मला पटलं. दोन कथासंग्रह आणले, चांगले होते, आणि तेही वाचून झाले नाहीत. असं का होतंय ते कळायला मला बरेच दिवस लागले. ते कळलं आणि पुढचं सगळं सोपं झालं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कथेच्या पहिल्या दोन पानांत वाचणाऱ्याला खूप काम असतं. बोलतंय कोण, गाव कुठलं, काळ कुठला, ही बाई त्याची बायको की बहीण, घरात कशावरून ताण आहे, हे सगळं आपल्यालाच उलगडावं लागतं. अनोळखी घरी पहिल्यांदा जावं तसं. चपला कुठे काढायच्या, बसायचं कुठे, काय बोलायचं, काय टाळायचं. दिवसभर ऑफिस, डबे, गृहपाठ, आंघोळी झाल्यावर नेमकी हीच ताकद उरलेली नसते. आणि कथासंग्रहात दर दहा पानांनी नवं घर. कादंबरीचं तसं नाही. पहिली तीस-चाळीस पानं जड जातात, हे खरं. पण एकदा आत शिरलं की ते आपलं माहेर होतं. बेल वाजवायला लागत नाही. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटं जावं, ओट्याला टेकून उभं राहावं, दोन गोष्टी ऐकाव्यात आणि परत यावं. पानं किती आहेत याला महत्त्व नाही, किती वेळा नव्याने शिरावं लागतं याला आहे. वेळ नसलेल्या माणसाने कथा वाचाव्यात, हे माझ्या बाबतीत अगदी उलटं निघालं. कथांवर माझं प्रेम आहेच. त्या मी दिवाळीच्या सुट्टीत वाचते. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला सुट्टीत कथा वाचायची सवय लागली आहे आणि ती अगदी योग्य आहे. कथेला फराळासारखा निवांत वेळ लागतो.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला की पहिली चाळीस पानं एका दमात कशी काढायची. त्यासाठी सलग वेळ लागतो आणि तो मला आणून दिला मेट्रोने. मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत गेली आणि कल्याणीनगरला स्टेशन झालं. तोवर मी रोज स्कूटरने कोथरूड ते कल्याणीनगर जात होते. धूर, सिग्नल, खांदे भरून यायचे. आता वनाझला चढते. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला मिळतं. साधारण अर्धा तास. डेक्कन सोडून मुठेच्या कडेने गाडी जाते तेव्हा मी एकदा मान वर करते, नदी बघते आणि परत पुस्तकात जाते. सिव्हिल कोर्टाला दोन्ही मार्ग एकत्र येतात, तिथे गर्दीचा लोंढा आत येतो आणि कुणाची तरी बॅग पानावर टेकते. तरी वाचता येतं.

मेट्रोत वाचायला मी पहिली घेतली 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालची. मुद्दाम छोटी निवडली, म्हणजे शेवटपर्यंत नक्की जाईन. माणदेशातलं धनगरांचं लहानसं गाव, तिथे नेमणूक झालेला कोवळा मास्तर, आणि पुढे पडलेला दुष्काळ. कॉलेजात वाचली होती तेव्हा मी मास्तराच्या वयाची होते आणि त्याच्याबरोबर चालत होते. या वेळी माझं लक्ष गाव सोडून निघालेल्या बायकांकडे, त्यांच्या पोरांकडे लागलं होतं. डब्यात गार वारा चालू होता आणि माझ्या घशाला कोरड पडली. कल्याणीनगरला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर उभी राहून बाटलीभर पाणी प्यायले. ऑफिसात पोचल्यावर कुणीतरी विचारलं, बरं नाही का? त्या दिवशी मी फार बरी होते. चार वर्षांनी मी एक कादंबरी संपवली होती.

सासूबाईंचं आमच्या गल्लीतल्या वाचनालयात जुनं खातं आहे. महिन्याची वर्गणी, थोडं डिपॉझिट, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. माझं वाचन सुरू झालेलं बघून त्या म्हणाल्या, "अगं, दोन पुस्तकांचं करून टाकू या खातं, एक तुझं एक माझं." त्या पुस्तक परत करायची तारीख कधी चुकवत नाहीत. त्यामुळे माझ्या पुस्तकालाही तारीख आली. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात वर्षानुवर्षं वाट बघतं. वाचनालयाचं पुस्तक पंधरा दिवसांनी दारात चपला घालून उभं असतं. मला त्याचा फार उपयोग झाला.

बाकीच्या सवयी हळूहळू लागल्या. पूर्वी प्रकरण संपल्याशिवाय मी पुस्तक मिटत नसे. आता मुद्दाम मध्येच थांबते, कुणीतरी दार वाजवलंय आणि आतून कडी निघायची आहे अशा जागी. दुसऱ्या दिवशी उघडलं की एका ओळीत आत जाता येतं. प्रकरणाच्या शेवटी थांबलं की पुन्हा उंबरा ओलांडावा लागतो. पन्नास पानांत माणसं आपली झाली नाहीत तर पुस्तक परत देते. सासूबाईंना हे आवडत नाही, घेतलेलं पान टाकू नये असं त्यांचं मत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण माझं बदलत नाही. ऐकायची पुस्तकंही करून पाहिली, पोळ्या लाटताना. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये नवीन गोष्टीचा धागा सुटतो. आधी वाचलेली कादंबरी मात्र ऐकायला छान वाटते.

आणि चिठ्ठी. ही सवय मला सगळ्यात जवळची. कादंबरीत माणसं जास्त असली की वाण्याच्या बिलाच्या पाठीमागे नावं लिहून ती चिठ्ठी खूण म्हणून पुस्तकातच ठेवते. मागच्या पावसाळ्यात कोकणातल्या एका घराच्या तीन पिढ्यांची मोठी कादंबरी वाचत होते. वर आजोबा, खाली तीन मुलगे, मधल्याची दोन लग्नं, त्यांच्या खाली नातवंडं, असं झाडच झालं होतं त्या बिलावर. एकीकडे तूरडाळ एक किलो, पोहे अर्धा किलो, आणि पलीकडे आख्खं खानदान. एका सकाळी मेट्रोत चिठ्ठी उघडली तर धाकट्या मुलग्याच्या खाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढलेली आणि तिच्या टोकाला माझ्या लेकीने स्वतःचं नाव लिहिलेलं. शेजारी कंसात 'पाहुणी'. आदल्या रात्री ती माझ्याकडून गोष्ट ऐकून घेत होती, तेव्हा लिहिलं असणार. पुस्तक परत गेलं, चिठ्ठी माझ्याकडे आहे.

सगळंच असं गोड झालं असं नाही. धाकट्याने एकदा वाचनालयाच्या पुस्तकाची सहा पानं निळ्या स्केचपेनने भरून काढली. मला रडूच आलं. आमच्या घरच्या माणसाने दुसऱ्याचं पुस्तक खराब केलं, हे वडिलांना कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, हेच मनात येत राहिलं. धाकट्याला घेऊन वाचनालयात गेले, तिथल्या काकूंना दाखवलं, पुस्तकाची किंमत भरली. त्यांनी नंबर खोडला, 'रद्द'चा शिक्का मारला आणि पुस्तक त्याच्याच हातात दिलं. "आता हे तुझं. पण बाकीची सगळ्यांची." तो ते रोज रात्री उशाशी घेऊन झोपतो. आतलं एक अक्षर त्याला वाचता येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलं आणि त्या नेमक्या एका कादंबरीच्या मधोमध होत्या. दोन दिवस गप्प बसल्या. तिसऱ्या रात्री थेंब घालायला गेले तर म्हणाल्या, "तेवढं जरा वाचून दाखवतेस का? एकशे चाळीसावं पान असेल."

मी वाचायला लागले. मला त्यातलं कुणीच माहीत नव्हतं. कुणी एक शालिनी विहिरीवर उभी आहे आणि घरात जात नाही. मी थांबले, तशी डोळ्यांवर हात ठेवून सासूबाई सांगायला लागल्या. "ही मोठी सून. आत बसलाय तो तिचा दीर, पण त्या दोघांत बोलणं नाही. म्हातारीला सगळं ठाऊक आहे, दाखवत नाही. आणि तो कुत्रा आहे ना, तो मेलेल्या मुलाचा." दोन मिनिटांत त्यांनी मला हाताला धरून त्या घरात नेलं. चाळीस पानांचं काम दोन मिनिटांत. मग मी वाचत राहिले. लेक दाराशी येऊन उभी राहिली, मग पलंगाच्या पायथ्याशी बसली, मग आडवी झाली. असं आठ रात्री चाललं. मध्येच त्या म्हणायच्या, "थांब, हे परत वाच," आणि मी ते वाक्य परत वाचायची. कधी कधी तेच वाक्य मलाही परत हवं असायचं.

मग त्यांना वाचायची परवानगी मिळाली. त्या रात्री मी ऑफिसातून उशिरा आले, दुसऱ्या दिवशी लेकीची परीक्षा, असे तीन दिवस गेले. चौथ्या रात्री मोकळी झाले आणि टीपॉयवर पाहिलं तर तिथे वेगळंच पुस्तक.

"आई, आपलं पुस्तक?" मी सासूबाईंना विचारलं.

"काल बदलून आणलं की. तारीख होती."

सत्तावीस पानं राहिली होती. शालिनी घरात गेली की नाही, ते मला माहीत नव्हतं.

"सांगू का काय होतं?" त्यांनी विचारलं. पलीकडच्या खोलीतून लेक ओरडली, "आजी, नको सांगूस!"

शनिवारी आम्ही दोघी वाचनालयात गेलो. काकूंनी रजिस्टर पाहिलं, पुस्तक दुसऱ्या सभासदांकडे गेलेलं. नाव लावून आलो. मी माझं सांगितलं, तर लेकीने काकूंना तिचंही खाली लिहायला लावलं.