अंजदीप: अठरा डिसेंबरची दुसरी तुकडी

माझे आजोळ कारवारचे. लहानपणी अंकोल्याला जाताना बिणग्याच्या पुढे रस्ता समुद्राच्या अंगाला आला, की आजी पदर सावरून खिडकीबाहेर हात जोडायची. समोर पाण्यात झाडीने भरलेले एक लांबट बेट दिसायचे. तिच्या लेखी ते आर्यादुर्गेचे मूळ ठिकाण होते. देवी तिथून कधीच अंकोल्याला हलवली गेली, तरी जुन्या जागेला नमस्कार करायचा, असा तिचा शिरस्ता होता. त्या बेटावर लढाई झाली होती, हे तिने मला कधी सांगितले नाही. मला ते कळले तेव्हा माझी पस्तिशी उलटून गेली होती.

स्थानिक लोक त्याला अंजदीव म्हणतात, नौदलाच्या कागदोपत्री ते अंजदीप आहे. बेट कारवारच्या समोर असले तरी ते गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडते, कारण १९६१ पर्यंत ते पोर्तुगीजांकडे होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जवळून जाणाऱ्या 'साबरमती' या प्रवासी बोटीवर बेटावरून गोळीबार झाला आणि बोटीचा मुख्य अभियंता जखमी झाला. त्याच महिन्यात या किनाऱ्यावरचा एक मच्छीमार पोर्तुगीजांच्या गोळीने मारला गेला. गोव्यावरील लष्करी कारवाईची चर्चा दिल्लीत आधीपासून चालू होती, पण कारवारच्या कोळीवाड्यांना या प्रश्नाची धग लागली ती या बेटामुळे.

गोवा मुक्त करण्याच्या 'ऑपरेशन विजय' या मोहिमेत १८ डिसेंबरच्या सकाळी हे बेट घेण्याचे काम नौदलाकडे आले. 'मैसूर' ही क्रूझर आणि 'त्रिशूल' ही फ्रिगेट बेटाजवळ उभ्या होत्या आणि ताफ्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्याकडे होते, जे पुढे नौदलप्रमुख झाले. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. किनाऱ्यावर उतरून लढण्यासाठी वेगळे शिक्षण घेतलेली मरीन सैनिकांची दले काही देशांकडे असतात. आपल्या नौदलाकडे असे दल नव्हते. बेटावर उतरले ते जहाजांवर काम करणारे खलाशीच, हातात बंदुका घेतलेले, आणि त्यांना किनाऱ्यापर्यंत पोहोचवले जहाजांच्या नेहमीच्या होड्यांनी.

सकाळी सव्वासातच्या सुमारास लेफ्टनंट अरुण ऑडिट्टो यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी उतरली आणि तिला फारसा प्रतिकार झाला नाही. भारतीय नौदलाच्या कथनानुसार बेटावर पांढरे निशाण दिसले होते. दुसरी तुकडी होड्यांमधून किनाऱ्याजवळ येत असताना मात्र तिच्यावर मशीनगनचा मारा सुरू झाला.

किनाऱ्यावर उतरण्याच्या कोणत्याही कारवाईतला सर्वांत वाईट काळ हाच असतो. जमिनीवरचा सैनिक निदान बांधाआड, दगडाआड आडवा होऊ शकतो. होडीतल्या माणसाला आडोसा नसतो, पाय रोवायला जागा नसते, आणि हलत्या होडीतून नेम धरणे जवळपास अशक्य असते. होडी सरळ किनाऱ्याकडे चाललेली असल्याने गोळी झाडणाऱ्याला तिची दिशा आधीच माहीत असते. सुकाणू धरलेल्याने घाबरून होडी वळवली, तर तिची आख्खी बाजू माऱ्यासमोर येते. म्हणजे वाचायचे असेल तर बंदुकीच्या तोंडाकडेच जावे लागते. या दुसऱ्या तुकडीतले अधिकारी नोएल केल्मन यांच्या पायांना गोळ्या लागल्या, तरी त्यांनी आपली होडी किनाऱ्याला लावली. 'त्रिशूल'च्या तोफांनी बेटावर मारा केला, चकमक चालू राहिली आणि दुसऱ्या दिवशी बेट पूर्ण ताब्यात आले. सात खलाशी मारले गेले आणि दोन अधिकाऱ्यांसह एकोणीस जण जखमी झाले.

एक प्रश्न मला टाळता येत नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर अंजदीपवरची लहानशी शिबंदी किती काळ तग धरणार होती? एक दिवस थांबले असते तर बेट आपोआप पदरात पडले असते, असे आज म्हणता येते. अर्थात १८ तारखेच्या सकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ज्या बेटावरून महिन्यापूर्वी मच्छीमारावर गोळी सुटली ते मागे सोडून पुढे जाणे कारवारच्या किनाऱ्याला पटलेही नसते. तरीही त्या सात जणांचा विचार मनात आला की हा एका दिवसाचा हिशेब मला छळतो.

आता स्मरणाविषयी. वास्कोजवळ नौदलाच्या 'आयएनएस गोमंतक' या तळावर या सात खलाशांचे आणि कारवाईत कामी आलेल्या इतरांचे स्मारक आहे. त्या स्मारकाचा जो परिचय दिला जातो, त्यात त्यांनी १९ डिसेंबर रोजी प्राण वेचले असे म्हटलेले असते. होड्यांवर गोळीबार झाला तो १८ तारखेला. गोवा मुक्तिदिन १९ चा, म्हणून एक दिवस त्या मोठ्या दिवसात विरघळून गेला, असे मला वाटते. मुक्तिदिनाच्या भाषणांत सत्याग्रही येतात, येणे योग्यच आहे. मुरगावच्या बंदरात झुंजलेले 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे पोर्तुगीज जहाजही कधी कधी येते. अंजदीप क्वचितच येते.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दर जूनमध्ये देशोदेशीचे लोक जमतात आणि गॅलिपोलीला २५ एप्रिलच्या पहाटे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची माणसे अंधारात उभी राहतात. तिथे आकडे प्रचंड आहेत, ती तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र तिथल्या स्मरणाला एक साधी सोय आहे: किनारा मोकळा आहे. वाळूवर उभे राहून पाण्याकडे पाहता येते आणि अंतर डोळ्यांनी मोजता येते. अंजदीपला ते शक्य नाही, कारण ते आज कारवारच्या नौदल तळाचा भाग आहे. बेटावरच्या ब्रोतासच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, चर्चमध्ये फेब्रुवारीच्या फेस्ताला गोव्याहून भाविक जात असत. तळ झाल्यावर तीही वाट बंद झाली.

या बेटाने याआधीही परक्या किनाऱ्यावर अडकून मेलेली माणसे पाहिली आहेत. मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, तेव्हा ती ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन चारशेवर सैनिक घेऊन १६६२ मध्ये आला. पोर्तुगीजांनी मुंबई देण्याचे नाकारले आणि त्या सैनिकांना वाट पाहत अंजदीपवर राहावे लागले. रोगराईने शिपमनसह बहुतेक जण तिथेच मेले आणि १६६५ मध्ये मुंबईत पोहोचले ते सुमारे शंभर. मुंबईच्या इतिहासात ही नोंद एखाद्या वाक्यात उरकली जाते. पुढे संभाजी महाराजांची नजर या बेटावर गेली, तेव्हा पोर्तुगीजांनी १६८२ मध्ये घाईने तिथे पुन्हा तटबंदी उभारली.

नौदलाने मात्र नाव विसरू दिलेले नाही. १९७२ मध्ये ताफ्यात आलेल्या एका सोव्हिएत बनावटीच्या नौकेचे नाव 'अंजदीप' होते. ती निवृत्त झाली आणि उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या नव्या नौकेला २०२३ मध्ये जलावतरणाच्या वेळी तेच नाव देण्यात आले. खलाशांना आठवण ठेवायची असेल तर ते ती जहाजाच्या नावात ठेवतात, हे मला त्यांच्या पेशाला धरून वाटते. कारवारच्या टागोर किनाऱ्यावर 'चपल' ही निवृत्त क्षेपणास्त्र नौका वाळूवर उभी आहे. शाळेची मुले तिच्यात चढतात, सुकाणूपाशी फोटो काढतात. तिथून काही किलोमीटरवरच्या लढाईविषयी त्यांना कुणी सांगते का, या उत्सुकतेने मी गेल्या वेळी एका मुलाला विचारले. त्याने समुद्राकडे पाहिले आणि म्हणाला, "तिथे आपल्याला सोडत नाहीत."

खरेच सोडत नाहीत. तळ बांधताना बेट लाटरोधक बांधाने मुख्य भूमीला जोडले गेले. ज्याच्याकडे परवानगी आहे, तो आज पाय न भिजवता तिथे जाऊ शकतो. आम्ही बाकीचे अंकोल्याच्या रस्त्यावरून बेट पाहतो, आणि आजी नसली तरी त्या वळणावर माझा हात आपोआप जोडला जातो.