आई होण्याआधीची आई

आजी गेली, आणि तिच्या लहानपणाबद्दल सांगू शकेल असं घरात कुणीच उरलं नाही. तेव्हाच ठरवलं, आईचं सगळं तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं.

सुरुवातीला काही जमेना. "तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" म्हटलं की आई पदर सारखा करून म्हणायची, "आमचं काय सांगण्यासारखं? कष्ट केले, तुम्हाला वाढवलं." म्हणून मोठे प्रश्न सोडून दिले. एका दुपारी मेथी निवडायला तिच्याशेजारी बसले, तिला सांगून मोबाइल सुरू केला आणि एवढंच विचारलं, "मिलोची भाकरी कशी लागायची गं?"

"लागती कसली! थापताना तुटायची." आणि मग १९७२ चा दुष्काळच बाहेर आला. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं तिचं गाव. विहिरी आटलेल्या, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी. तेरा वर्षांची आई घरच्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुकादमाला वय वाढवून सांगितलेलं. तिथं सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, ती अर्धी खाऊन उरलेली धाकट्या मामासाठी ओच्यात बांधून आणायची.

तिची शाळा सुटली ती त्या वर्षी. मला आजवर वाटायचं, लग्नामुळे सुटली. गणित तिचं फार चांगलं होतं. खडीच्या ढिगाचं माप घेऊन मजुरी ठरायची, तेव्हा लांबी-रुंदी-उंचीचा हिशेब ती तोंडी करायची. माप कमी धरलंय असं वाटलं की बाया तिलाच पुढं करायच्या. मोठ्या माणसांसमोर उभी राहून "पुन्हा मोजा" म्हणणारी ही मुलगी मला ठाऊकच नव्हती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिथंच तिला मिठी मारली. तिला काही कळेना.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्यामागे तुमच्यासारख्यांनी केलेली ती कामं होती, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आमचा घाम कामी आला म्हणायचा."

आता आमची पद्धत बसली आहे. तिचे हात कामात असले की ती मोकळी होते. मी माणसांची नावं, जिन्नस, वास, रस्ते विचारते. मध्ये ती थांबली तर बोलायची घाई करत नाही, कारण खरं ते बहुतेक त्यानंतरच येतं. काही गोष्टींना ती "हे बंद कर" म्हणते. त्या मी फक्त ऐकते. प्रत्येक रेकॉर्डिंगला तारीख आणि विषय लिहिते, एक प्रत भावाकडे पाठवते.

माझ्या मते आईला आईपणाबद्दल विचारूच नये. ते आपण पाहिलेलं असतं. आपण जन्मायच्या आधीची ती कोण होती, हे विचारावं.

पुढच्या महिन्यात आम्ही गावी जातोय. ज्या पाझर तलावावर तिनं माती वाहिली, तो तिला मला दाखवायचाय. कालच म्हणाली, "मामालाही घे गं बरोबर. सुकडी कोण आणत होतं, ते त्याच्या तोंडून ऐकू दे मला."