जुनी गाडी थेट मालकाकडून घेताना: माझा अनुभव

पुण्यात थेट मालकाकडून 2017 ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. गाडी पारखायला दोन सकाळी पुरल्या, कागद मार्गी लागायला मात्र सात आठवडे गेले. त्यातला बराच वेळ एका बोजानं, म्हणजे गाडीवरच्या बँक कर्जाच्या नोंदीनं खाल्ला.

गाडी बघायला जायच्या आधीच एम-परिवहन ॲपवर नंबर टाकावा. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि फायनान्सर (गाडीवर कर्ज देणारी बँक), सगळं तिथे दिसतं. थकलेली चलनं महाट्रॅफिकवर, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन ॲपवर, वेगळी बघावीत. मला फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव दिसलं. मालक म्हणाले, कर्ज तीन वर्षांपूर्वीच फेडलंय. ते खरंच होतं. पण हप्ते संपले की आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा आपोआप उतरतोच असं नाही. त्यासाठी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि सही-शिक्क्याच्या फॉर्म 35 च्या, म्हणजे बोजा उतरवण्याच्या अर्जाच्या, दोन प्रती लागतात. एनओसीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते आणि त्यांची कपाटात पडून केव्हाच संपली होती. नवी मिळवली, तर ओटीपी जाणारा आरटीओच्या नोंदीतला मोबाइल नंबर बंद. आधी नंबर बदलला, मग बोजाचा अर्ज. तोवर मी फक्त 10,000 रुपये टोकन दिलं होतं, तेही आरसीवर ज्यांचं नाव त्यांच्याच बँक खात्यात. पावतीवर लिहून घेतलं होतं: बोजा उतरला नाही तर टोकन परत. हे वाक्य कुणीही सोडू नये.

गाडी बघताना इंजिन थंड हवं. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी यावं, कारण पहिल्या स्टार्टचा त्रास गरम इंजिन लपवतं. ऑइलचं झाकण उघडून आत बघावं. दुधाळ, कॉफीच्या रंगाचा थर दाट असेल, तर कूलंट ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता असते आणि हेड गॅस्केटचा खर्च समोर उभा राहतो. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळची पांढरी वाफ थोड्या वेळात थांबायला हवी. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतील, तर पत्रा कधीतरी उघडलाय; का, ते विचारावं. टायरच्या कडेला तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. गाडी 35,000 किलोमीटर फिरलीय म्हणतात आणि चारही टायर एकदा बदललेले दिसतात, तेव्हा मीटरवर विश्वास ठेवण्याआधी सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा आणि स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात हात फिरवावा. पुरात बुडालेल्या गाडीची अपहोल्स्ट्री धुऊन चकाचक होते, पण पट्ट्याच्या गुंडाळीत आणि त्या खळग्यात गाळाची रेघ राहते. सांगली-कोल्हापूरचा 2019 चा आणि चिपळूणचा 2021 चा पूर आठवावा आणि त्या भागातली गाडी असेल तर हे आधी तपासावं.

बोजा उतरल्यावर ट्रान्सफर सोपं गेलं. फॉर्म 29 (विक्रीची सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म 30 (मालकी बदलाचा अर्ज), मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. अपघात झाला, तर भरपाईसाठी कायदा आरसीवरच्या मालकालाच धरतो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय.

विम्यात मात्र अनेक जण फसतात. थर्ड पार्टी संरक्षण (गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचं) गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय अडतो. विक्रीपासून 14 दिवसांत कंपनीला कळवावं. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सवलत, जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे त्या सवलतीचा फरक भरावा लागतो. भाव ठरवतानाच तो धरावा.

ताबा घेताना दोन प्रतींत डिलिव्हरी नोट केली: तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग, दोघांच्या सह्या. त्या वेळेआधीची चलनं त्यांची, नंतरची माझी. त्यांचा फास्टॅग त्यांनी त्याच दिवशी बंद केला आणि दुसरी किल्ली मी तिथेच लावून पाहिली.