काळ्या घोड्यावरची ताशेनामानी

अमेरिकी सैन्य आणि तिथल्या मूळ जमाती यांच्यात 1876 मध्ये झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईविषयी वाचताना अमेरिकी सेनानी जनरल कस्टरचे नाव पानोपानी भेटते, पण त्या दिवशी त्याच्या सैन्याविरुद्ध लढलेल्या ताशेनामानीचे, म्हणजेच मूव्हिंग रोब वुमनचे, नाव मात्र शोधावे लागते. 1854 च्या सुमारास ग्रँड नदीच्या परिसरात जन्मलेली ही स्त्री लाकोटा या मूळ अमेरिकी जमातीची, त्यातही नेता सिटिंग बुलच्या हंकपापा गटातली होती. सतराव्या वर्षीच ती क्रो या शत्रू जमातीविरुद्धच्या स्वारीत सामील झाली होती, त्यामुळे रणांगण तिला नवखे नव्हते.

1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटांकडे राहील असे अमेरिकी सरकारने मान्य केले होते. 1874 मध्ये तिथे सोने सापडले आणि तो शब्द फिरला. 31 जानेवारी 1876 पर्यंत राखीव प्रदेशात परता, असा हुकूम निघाला आणि न परतणाऱ्यांवर फौजा सोडण्यात आल्या. ही पार्श्वभूमी सोडून तिच्या शौर्याचे कौतुक करणे मला अन्यायाचे वाटते, कारण युद्ध तिच्या दारात आणले गेले होते.

25 जून 1876 रोजी ती इतर मुलींबरोबर छावणीपासून काही अंतरावर रानातले कंद खणत होती. सैनिक येत असल्याची हाकाटी ऐकताच अ‍ॅश लाकडाची अणकुचीदार काठी तिथेच टाकून ती तंबूकडे धावली, आणि हरवलेला घोडा शोधायला पहाटे बाहेर पडलेला आपला भाऊ वन हॉक सैनिकांच्या हातून मारला गेल्याची बातमी तिला आईकडून कळली. तिने केसांच्या वेण्या घातल्या, चेहरा लाल रंगवला, आणि वडिलांनी काळा घोडा पुढे आणताच त्यावर स्वार झाली. कस्टरच्या हाताखालच्या मेजर रीनोच्या तुकडीने गावाच्या ज्या टोकावर हल्ला केला, तिथेच हंकपापांचे तंबू होते. रीनोचे सैनिक मागे हटल्यावर ती योद्ध्यांबरोबर कस्टरच्या दिशेने गेली. कस्टर आणि त्याच्याबरोबरचे दोनशेहून अधिक सैनिक त्या दिवशी मारले गेले.

1931 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तिने ही सारी हकीकत सांगितली. आपण दुःखात होतो, स्त्री होतो, पण घाबरलो नव्हतो, असे ती त्यात म्हणते. स्वतः कुणाला मारले याची बढाई मात्र मारत नाही. तिच्या कथनातला हा संयम मला तिच्या धाडसाइतकाच मोठा वाटतो, कारण सूडाने पेटून घोड्यावर बसलेली बहीण पंचावन्न वर्षांनंतरही आपल्या लोकांसाठी लढलो, एवढेच सांगून थांबते.

1935 मध्ये तिचे निधन झाले. तोपर्यंत त्या रणभूमीला कस्टरचेच नाव होते. ते बदलून लिटल बिगहॉर्न असे व्हायला 1991 साल उजाडले, आणि तिथे पडलेल्या लाकोटा व त्यांच्या बाजूने लढलेल्या शायेन जमातीच्या योद्ध्यांच्या जागी तांबड्या ग्रॅनाइटच्या खुणा बसवायला सुरुवात झाली ती त्याच्याही नंतर, 1999 मध्ये.